रोमच्या डेनारियसवर राम-लक्ष्मण नाहीत

‘रोमन सम्राटांच्या चांदीच्या नाण्यांवर आपले देव : जगापासून दडवलेले सत्य’ अशा मथळ्याचा एक लांबलचक संदेश सध्या व्हॉट्सॲपवर या ग्रुपमधून त्या ग्रुपमध्ये फिरतो आहे. त्यात काही नाण्यांची छायाचित्रे आहेत, त्यांवर लाल बाण काढलेले आहेत आणि खाली दाव्यांची यादी आहे. ढाली घेतलेले दोन पुरुष म्हणजे राम-लक्ष्मण. हत्ती म्हणजे गणपती. त्रिशूळ, चंद्रकोर आणि बैल म्हणजे शंकर आणि त्याचा नंदी. दोन घोडेस्वार म्हणजे अश्विनीकुमार. गुडघे टेकलेला माणूस म्हणजे भारतीय राजापुढे झुकलेला रोमन सम्राट. रोमची सगळी चांदी भारताने ओढून घेतल्यामुळे ते साम्राज्य बुडाले. पाश्चात्त्य संग्रहालयांनी ही नाणी दडवून ठेवली. आणि असे नाणे कोणाच्या घरी निघाले तर त्याचे मोल कोटींत आहे, तेव्हा खालील क्रमांकावर संपर्क साधावा. असल्या मजकुराला उत्तर देण्याच्या भानगडीत मी सहसा पडत नाही. परंतु हा संदेश माझ्या मावशीने घरच्या ग्रुपवर टाकला, ती आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवत होती, आणि देवघरात ठेवायला असे एक नाणे घ्यावे म्हणून तिने त्या क्रमांकावर चौकशीही करून ठेवली होती. एवढे झाल्यावर गप्प बसणे मला जमणार नाही.

मुद्द्यांकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. डेनारियस म्हणजे रोमचे चांदीचे नाणे, आणि रोमन नाणे मुके नसते. चित्राच्या भोवती, खाली किंवा मधोमध अक्षरे असतात आणि ते चित्र कोणाचे व कशासाठी काढले आहे हे ती अक्षरे बहुतेक वेळा सांगूनच टाकतात. प्रजासत्ताकाच्या काळात, म्हणजे सम्राटांच्या आधी, रोमची टांकसाळ कॅपिटोलाइन टेकडीवर जुनो मोनेता देवीच्या मंदिराजवळ होती आणि दरवर्षी नेमले जाणारे तीन तरुण अधिकारी तेथे नाणी पाडून घेत. राजकारणात नुकतेच पाऊल टाकलेल्या या तरुणांनी इ.स.पू. दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धापासून नाण्याच्या मागच्या बाजूचा उपयोग स्वतःच्या घराण्याची जाहिरात करण्यासाठी सुरू केला. कोणाच्या आजोबांनी पूल बांधला, कोणाच्या पूर्वजाने लढाई मारली, कोणाचे घराणे थेट देवापासून सुरू झाले, हे सारे जेमतेम अंगठ्याच्या नखाएवढ्या चांदीवर मांडलेले आढळते. लिसिनियस नर्वा नावाच्या अधिकाऱ्याने इ.स.पू. 113 च्या सुमारास पाडलेल्या नाण्यावर तर चक्क मतदान चाललेले दिसते : एक मतदार मतपत्रिका हातात घेतो आहे आणि दुसरा ती पेटीत टाकतो आहे. या सगळ्या नाण्यांची सूची मायकेल क्रॉफर्ड या ब्रिटिश अभ्यासकाने 1974 साली दोन खंडांत प्रसिद्ध केली, आणि आजही प्रजासत्ताकाच्या कोणत्याही नाण्याची ओळख तिच्यातील क्रमांकानेच दिली जाते. संदेश लिहिणाऱ्याने ती चाळली असती, निदान नाण्यावरची अक्षरे वाचली असती, तरी त्याचे निम्मे मुद्दे जागच्या जागी गळून पडले असते. लग्नपत्रिकेच्या माथ्यावर गणपती पाहून, खालची वधूवरांची नावे न वाचताच, हे गणपतीचे लग्न आहे असे जाहीर करावे, तशातला हा प्रकार आहे.

सर्वांत हास्यास्पद मुद्दा राम-लक्ष्मणाचा आहे आणि नेमका तोच सर्वांत जास्त पसरला आहे, म्हणून त्याला अधिक जागा देतो. छायाचित्रातले नाणे खरे आहे आणि ते ओळखायला एक क्षणही लागत नाही. दर्शनी बाजूला माथ्यावर पानांचे वेष्टन घातलेला सम्राट ऑगस्टस आहे. मागच्या बाजूला टोगा नेसलेले दोन तरुण समोर तोंड करून उभे आहेत, त्यांच्या मध्ये दोन गोल ढाली टेकवलेल्या आहेत, ढालींच्या मागे दोन भाले आहेत आणि वरच्या मोकळ्या जागेत दोन लहान वस्तू आहेत. संदेशातला लाल बाण यांपैकी एका वस्तूला ‘कमंडलू’ आणि दुसरीला ‘धनुष्य’ म्हणतो. प्रत्यक्षात पहिली वस्तू म्हणजे देवाला मद्याचे अर्घ्य देण्याची लांब दांड्याची पळी आहे आणि दुसरी म्हणजे पक्ष्यांच्या उड्डाणावरून शकुन पाहणाऱ्या पुरोहिताची, टोकाला वळलेली काठी आहे. या दोन वस्तू तेथे का आहेत, याचेही उत्तर आहे. त्या दोन तरुणांपैकी गायस हा पाँटिफेक्स या पुरोहितवर्गात होता आणि ल्युशियस हा शकुन पाहणाऱ्यांच्या वर्गात होता. ज्याची त्याची खूण ज्याच्या त्याच्या बाजूला दिली आहे. भोवतीच्या लेखात दोघांची नावे आहेत, ते ऑगस्टसचे पुत्र असल्याचे लिहिले आहे, त्यांची भावी कॉन्सल (रोममधले सर्वोच्च अधिकारपद) म्हणून निवड झाल्याचे लिहिले आहे आणि त्यांना ‘तरुणांचे अग्रणी’ ही पदवी असल्याचेही लिहिले आहे. यापेक्षा जास्त खुलासा चार ग्रॅमहून हलक्या चांदीच्या चकतीवर कसा करायचा?

गायस आणि ल्युशियस हे ऑगस्टसची कन्या ज्युलिया आणि सेनापती अग्रिप्पा यांचे पुत्र, म्हणजे ऑगस्टसचे सख्खे नातू. ऑगस्टसला मुलगा नव्हता, म्हणून त्याने या दोघांना दत्तक घेतले आणि आपले वारस म्हणून लोकांपुढे उभे केले. दर्शनी बाजूच्या लेखात ऑगस्टसला ‘राष्ट्रपिता’ म्हटले आहे आणि ही पदवी त्याला इ.स.पू. 2 मध्ये मिळाली, त्यामुळे नाणे त्याच्या आधीचे असू शकत नाही. ते आजच्या फ्रान्समधल्या लियाँ येथील टांकसाळीत पाडले गेले. पुढे ल्युशियस इ.स. 2 मध्ये मार्सेय येथे वारला आणि गायस आर्मेनियातल्या स्वारीत जखमी होऊन इ.स. 4 मध्ये परतीच्या वाटेवर वारला. राज्य अखेर सावत्र मुलगा टायबेरियस याच्याकडे गेले. हे राजवाड्यातले वारसाहक्काचे राजकारण आहे. त्यात अयोध्या शोधायची असेल तर आधी त्या दोघांची नावे खोडून काढावी लागतील.

येथे एक अर्धसत्य मात्र कबूल करावे लागेल. हे नाणे भारतात खरोखरच विपुल सापडते. दक्षिण भारतात, विशेषतः कोइम्बतूरच्या परिसरात आणि आंध्र-तेलंगणात, रोमन चांदीच्या नाण्यांचे जे निधी, म्हणजे पुरून ठेवलेले साठे, मिळाले त्यांत दोन प्रकार बहुसंख्येने आहेत : एक हे गायस-ल्युशियसचे आणि दुसरे टायबेरियसचे, ज्याच्या मागच्या बाजूला हातात राजदंड आणि फांदी घेतलेली एक स्त्री आसनावर बसलेली आहे. (ती लक्ष्मी असल्याचे संदेशात कसे सुचले नाही, याचे आश्चर्य वाटते.) तेलंगणातल्या अक्कनपल्ली येथे मिळालेल्या एकाच निधीत दीड हजारांहून अधिक डेनारियस होते आणि त्यांतील अनेकांवर इथल्या लोकांनी बारीक ठसे मारलेले होते. इतकेच नव्हे, तर या दोन प्रकारांच्या स्थानिक नकलाही मिळाल्या आहेत. परंतु त्यामागचे कारण व्यापाराचे आहे. ही नाणी लाखांनी पाडली गेली होती, त्यांची चांदी चांगली होती, आणि ओळखीचा छाप असलेले नाणे परक्या बाजारात बिनबोभाट चालते. मिरी आणि कापड विकणाऱ्याने नाणे स्वीकारले ते वजन आणि कस पाहून. शिवाय ज्यांना हे तरुण देवासारखे वाटले असते, त्यांनी त्यांच्या अंगावर ठसे कशाला मारले असते?

दुसरा मुद्दा हत्तीचा. यासाठी ज्युलियस सीझरचे नाणे वापरले आहे. एका बाजूला सापावर पाय देणारा हत्ती आणि त्याच्या पायाखालच्या पट्टीत ठसठशीत अक्षरांत सीझरचे नाव. दुसऱ्या बाजूला पळी, पाणी शिंपडण्याचा कुंचला, बळीची कुऱ्हाड आणि पुरोहिताची शेंड्याची टोपी. क्रॉफर्डच्या सूचीत हे 443 क्रमांकाचे नाणे आहे. इ.स.पू. 49 मध्ये सीझर सैन्यासह रुबिकॉन नदी ओलांडून इटलीत उतरला, रोममधल्या सॅटर्न देवाच्या मंदिरातला सरकारी खजिना त्याने ताब्यात घेतला, आणि सैनिकांचे पगार भागवण्यासाठी हे नाणे त्या वेळी प्रचंड प्रमाणात पाडले गेले. ते पाडण्यासाठी वापरलेले दर्शनी बाजूचे ठसेच साडेसातशेच्या घरात असावेत असा क्रॉफर्डचा अंदाज आहे. मागच्या बाजूची साधने सांगतात की सीझर हा रोमचा मुख्य पुरोहित होता, आणि ते पद त्याच्याकडे इ.स.पू. 63 पासून होते. हत्ती नेमका कशाचे प्रतीक आहे, यावर अभ्यासकांचे एकमत नाही हे खरे. परंतु त्यांच्या वादात गणपतीचा पक्ष कोणीही मांडलेला नाही. त्याचे साधे कारण असे की गजमुख गणपतीच्या निर्विवाद मूर्ती खुद्द भारतातही गुप्तकाळापासून, म्हणजे सीझरनंतर चारशे वर्षांनी दिसू लागतात. नाण्यावरच्या हत्तीला हत्तीचेच चार पाय आहेत, तो चालतो आहे आणि त्याच्या अंगावर ना मोदक आहे ना जानवे.

रोमन नाण्यांवर हत्ती त्याही आधीपासून येतो, आणि त्याची गोष्ट सरळ आहे. इ.स.पू. 250 मध्ये ल्युशियस सिसिलियस मेटेलस याने सिसिलीतल्या पॅनॉर्मस, म्हणजे आजच्या पालेर्मो येथे उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजच्या सैन्याचा पराभव करून त्यांचे हत्ती पकडले. पुढे मेटेलस घराण्यातल्या ज्यांच्या हाती टांकसाळ आली, त्यांतल्या अनेकांनी नाण्यावर कोठेतरी हत्ती घातला : कधी ढालीवर नुसते डोके, कधी हत्तींचा रथ, कधी पूर्ण हत्ती. आणि संदेशात ‘सोंड असलेली देवता’ म्हणून जे दुसरे छायाचित्र दिले आहे, त्यात हत्तीच्या डोक्याचे कातडे शिरस्त्राणासारखे घातलेली स्त्री म्हणजे आफ्रिका प्रांताचे मूर्त रूप आहे. पुढे सम्राट हेड्रियनच्या डेनारियसवर हीच आफ्रिका ऐसपैस रेललेली दिसते. तिच्या एका हातात विंचू आहे, दुसऱ्या हातात समृद्धीचे शिंग आहे, आणि तिचे नाव वर रोमन लिपीत लिहिलेले आहे. तिला गणेश म्हणण्यासाठी विंचवाकडे आणि नावाकडे एकाच वेळी डोळेझाक करावी लागते.

याच मुद्द्याच्या पोटात जानस या रोमन देवालाही ओढले आहे. जानस म्हणजेच गणेश, हे समीकरण संदेशलेखकाने शोधलेले नाही. ते 1784 साली कलकत्त्यात सर विल्यम जोन्स यांनी ग्रीस, इटली आणि भारत यांच्या देवतांवरील निबंधात मांडले होते. कोणत्याही कार्याच्या आरंभी दोघांचेही स्मरण होते, हे साम्य जोन्स यांनी बरोबर टिपले, आणि तेवढ्यापुरते ते खरेही आहे. पण नाण्यावरच्या जानसला दोन दिशांना पाहणारे दोन दाढीवाले चेहरे असतात. मार्कस फ्युरियस फिलस याच्या इ.स.पू. 119 च्या डेनारियसवर तो स्पष्ट दिसतो, आणि त्यामागचे चित्र गॉल, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या परिसरातल्या जमातींवर मिळवलेल्या विजयाचे आहे. दोन चेहरे आणि एक सोंड यांत गल्लत होऊ नये, एवढी अपेक्षा करायला हरकत नसावी.

त्रिशूळ, चंद्र आणि बैल यांचा निकाल थोडक्यात लावतो. त्रिशूळ समुद्रदेव नेपच्यूनचा आहे; सेक्स्टस पाँपी हा रोमन सेनानी स्वतःला नेपच्यूनचा पुत्र म्हणवून घेत असे आणि सिसिलीत पाडलेल्या त्याच्या नाण्यावर मेसिना येथील दीपस्तंभाच्या माथ्यावर त्रिशूळ घेतलेला नेपच्यून उभा आहे. (समुद्रदेवाचीच हौस असेल तर कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात ब्रह्मपुरीच्या उत्खननात निघालेला ब्राँझचा पोसायडन आहे, तो परदेशातून आला आणि त्याला कोणी शंकर म्हणत नाही.) चंद्रकोर आणि सात तारे हे इ.स.पू. 76 मधल्या ल्युक्रेशियस त्रिओ याच्या नाण्यावर आहेत, आणि उत्तरेकडच्या सात ताऱ्यांच्या लॅटिन नावात त्याचे ‘त्रिओ’ हे आडनाव येते म्हणून त्याने ते घातले. बैल दोन-तीन ठिकाणी येतो. त्यांतला सर्वांत बोलका बैल तर रोमन नाण्यावर नाहीच : तो रोमविरुद्ध बंड करून उठलेल्या इटालियन जमातींच्या नाण्यावर आहे, आणि शिंगाखाली एका लांडगीला तुडवतो आहे. लांडगी म्हणजे रोम. नंदीच्या वाट्याला असले काम कधी आल्याचे ऐकिवात नाही.

अश्विनीकुमारांच्या मुद्द्यात मात्र थोडे तथ्य आहे, आणि ते मी नाइलाजाने मान्य करतो. पहिला डेनारियस इ.स.पू. 211 च्या सुमारास निघाला. सिसिलीतले मोर्गांतिना हे शहर त्याच वर्षी रोमनांनी लुटले आणि तिथल्या विध्वंसाच्या थरात अगदी ताजी, न वापरलेली रोमन चांदीची नाणी मिळाली, त्यावरून ही तारीख ठरली. त्या पहिल्या नाण्याच्या मागे भाले सरसावून दौडणारे दोन घोडेस्वार आहेत. ते कॅस्टर आणि पोलक्स. लेक रेगिलसच्या लढाईत ते रोमच्या मदतीला धावून आले अशी रोमनांची श्रद्धा होती आणि रोमच्या फोरममध्ये त्यांचे मंदिर होते. हे जुळे भाऊ आणि ऋग्वेदातले अश्विन यांचे मूळ एकाच प्राचीन कल्पनेत असावे, असे तौलनिक पुराणकथांचे अभ्यासक गांभीर्याने मानतात. पण समान मूळ असणे वेगळे आणि रोमनांनी आपले देव उसने घेणे वेगळे. चुलतभाऊ हा बापाचा मुलगा ठरत नाही.

गुडघे टेकलेल्या माणसाचा मुद्दा निव्वळ खोडसाळ आहे. नाणे ऑगस्टसचेच आहे आणि गुडघ्यावर बसलेला माणूस पार्थियन, म्हणजे तेव्हाच्या इराणी साम्राज्यातला आहे. अंगात विजार आहे आणि हातात तो रोमन सैन्याचे निशाण पुढे करतो आहे. इ.स.पू. 53 मध्ये कॅरीच्या लढाईत रोमन सेनापती क्रॅससचे सैन्य कापले गेले, तेव्हा रोमची निशाणे पार्थियनांच्या हाती पडली होती. ऑगस्टसने ती इ.स.पू. 20 मध्ये वाटाघाटी करून परत मिळवली, आणि नाण्यावरच्या लेखात निशाणे परत मिळाल्याचे सांगितले आहे. म्हणजे चित्रात झुकलेला आहे तो रोमचा शत्रू, आणि संदेशाने त्याचाच रोमन सम्राट करून टाकला. भारतीय राजांकडून आपल्याकडे वारंवार दूत आले, असे ऑगस्टसने आपल्या कारकिर्दीच्या वृत्तांतात अभिमानाने नोंदवले आहे, हे खरे. पण या नाण्याशी त्या दूतांचा काहीही संबंध नाही.

आता चांदीच्या निचऱ्याचा मुद्दा. तो वरवर अभ्यासपूर्ण दिसतो, त्यामुळे जास्त लोक फसतात. त्याचा आधार थोरला प्लिनी हा रोमन लेखक आहे. भारत दरवर्षी आपल्या साम्राज्याचे किमान 5 कोटी सेस्टर्स ओढून घेतो, असे त्याने इ.स.च्या पहिल्या शतकात लिहिले, आणि दुसऱ्या एका ठिकाणी भारत, चीन व अरबस्तान मिळून 10 कोटींचा आकडा दिला. वाक्ये खरी आहेत. पण 4 सेस्टर्स म्हणजे 1 डेनारियस, म्हणजे भारताच्या वाट्याला सव्वा कोटी डेनारियस आले, आणि त्यांतला मोठा भाग सोन्यात जात होता. त्याच्या शेजारी ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबोने इतिहासकार पॉलिबियसच्या हवाल्याने दिलेला एक आकडा ठेवून पाहावा. स्पेनमधल्या कार्ताहेनाच्या चांदीच्या खाणींत 40,000 माणसे राबत आणि त्यांतून रोमला दिवसाला 25,000 द्राक्मा मिळत. वर्षाचा हिशेब 90 लाखांच्या वर जातो, आणि द्राक्मा व डेनारियस हे जवळपास समान मोलाचे धरले जात. एका टापूच्या खाणींतून इतके निघत असेल, तर भारताच्या व्यापाराने साम्राज्य बुडाले असे म्हणणे धाडसाचे आहे.

त्यापुढची गोष्ट अशी की या व्यापारात रोमन सरकार तोट्यात नव्हते. मुझिरिसचा पपायरस म्हणून ओळखला जाणारा एक दस्तऐवज व्हिएन्ना येथे आहे. इ.स.च्या दुसऱ्या शतकातल्या या कागदावर केरळच्या किनाऱ्यावरून इजिप्तला आलेल्या ‘हर्मापॉलॉन’ नावाच्या जहाजातल्या मालाचा हिशेब आहे, आणि त्या मालाची किंमत सुमारे 70 लाख सेस्टर्स भरते. अशा मालावर साम्राज्य 25 टक्के जकात घेत असे. एका जहाजामागे खजिन्यात काय पडत असेल, ते ज्याने त्याने काढावे.

परंतु या दाव्याला खरा सुरुंग लागतो तो कालक्रमाने. भारतात सापडणारे रोमन डेनारियस प्रामुख्याने ऑगस्टस आणि टायबेरियस यांचे आहेत, म्हणजे इ.स. 37 पर्यंतचे. सम्राट नीरोने इ.स. 64 मध्ये नाण्याचे वजन आणि कस दोन्ही कमी केले. एका पौंडातून 84 ऐवजी 96 नाणी पाडली जाऊ लागली, आणि त्यानंतरचे डेनारियस भारतीय निधींत तुरळक दिसतात. नाणे खरोखर हिणकस झाले ते त्यानंतर सव्वाशे वर्षांनी. सेप्टिमियस सेव्हेरसने इ.स. 194 च्या सुमारास चांदीचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आणले. कॅराकॅलाने इ.स. 215 मध्ये दोन डेनारियसच्या दर्शनी मोलाचे, पण वजनाने दीड डेनारियसचे नवे नाणे काढले, आणि इ.स. 270 च्या आसपास त्याच नाण्यात पाच टक्केही चांदी उरली नव्हती. या सर्व काळात चांदीची नाणी भारताकडे येणे जवळजवळ थांबलेले होते. मग पैसा गेला कोठे? सैनिकांच्या पगारात. डोमिशियनने सैनिकाचा वार्षिक पगार 225 वरून 300 डेनारियस केला, सेव्हेरसने आणि कॅराकॅलाने तो पुन्हा वाढवला, त्यात साथी आल्या, यादवी युद्धे झाली आणि स्पेनच्या खाणींतले उत्पन्नही घटले. एवढा पसारा बाजूला सारून सगळे श्रेय मिरीला देणे हे आपल्या अहंकाराला सुखावणारे असेल. इतिहास म्हणून ते टिकत नाही.

कोटींच्या किमतीचा मुद्दा इतर सर्व मुद्द्यांहून वेगळ्या जातीचा आहे, कारण त्यात लोकांचे पैसे जातात. गायस-ल्युशियसचे साधारण स्थितीतले अस्सल नाणे युरोपातल्या लिलावांत काही शे युरोंना मिळते, कारण ते अजिबात दुर्मीळ नाही. मावशीला त्या क्रमांकावरून आलेले छायाचित्र मी मोठे करून पाहिले. रोमन नाणे हाताने पाडलेले असते : चकती दोन ठशांच्या मध्ये ठेवून वरून हातोडा घालतात, त्यामुळे कडा वेडीवाकडी असते, चित्र बहुधा एका बाजूला सरकलेले असते आणि धातू दाबला गेल्यामुळे अक्षरांच्या कडा धारदार येतात. या छायाचित्रातली चकती कंपासने काढल्यासारखी गोल होती, अक्षरे साबणाच्या वडीवरच्या नावासारखी गुळगुळीत होती, सपाट भागावर बुडबुड्यांचे बारीक खड्डे होते आणि कडेवरून दोन साच्यांच्या जोडाची रेघ फिरलेली स्पष्ट दिसत होती. ते ओतीव होते. ईस्ट इंडिया कंपनीचे 1818 चे म्हणून जे ‘राम दरबार’ नाणे अजूनही लोकांच्या गळ्यात मारले जाते, त्याच्याच कुळातले हे. कंपनीने तसले नाणे कधीच पाडले नव्हते.

उलट बाजूने, म्हणजे घरातले जुने नाणे विकायला निघालेल्यांची फसवणूक आणखी सोपी असते. आधी नोंदणी शुल्क, मग कर, मग कोणाचे तरी कमिशन, आणि शेवटी क्रमांक बंद. रिझर्व्ह बँकेचे नाव वापरून असे व्यवहार चालतात म्हणून बँकेने ऑगस्ट 2021 मध्ये जाहीर इशारा दिला होता : जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीत आपण नाही, त्यासाठी कोणतेही शुल्क आपण मागत नाही आणि कोणाला तसा अधिकारही दिलेला नाही. कायद्याचेही भान ठेवावे. शेतात किंवा पाया खणताना जुना निधी निघाला आणि त्याचे मोल दहा रुपयांच्या वर असेल, तर 1878 च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. आणि शंभर वर्षांहून जुनी वस्तू खासगी व्यक्तीने परदेशी पाठवणे 1972 च्या पुरावशेष कायद्याने गुन्हा आहे. त्यामुळे ‘परदेशी संग्राहक कोटी रुपये देतो’ हे आमिष खरे निघाले, तरी त्यात अडकणारा शेवटी कायद्याच्याच कचाट्यात सापडणार.

राहिला संग्रहालयांच्या कटाचा मुद्दा. संदेशातली निदान दोन छायाचित्रे संग्रहालयांनी स्वतः सर्वांसाठी खुली केलेली आहेत. ब्रिटिश म्युझियमचा संग्रह घरबसल्या पाहता येतो, आणि न्यूयॉर्कच्या अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीने क्रॉफर्डची संपूर्ण वर्गवारी चित्रांसह फुकट उपलब्ध करून दिली आहे. याला दडवणे म्हणत नाहीत. प्रभाव कोणाकडून कोणाकडे गेला, हेही तेथे पाहता येते : कुशाण राजा कुजुल कडफिसेस याच्या तांब्याच्या नाण्यांवर रोमन सम्राटाच्या मस्तकाची सरळ नक्कल आहे. आपल्याकडे नाशिकजवळच्या जोगळटेंभी येथे 1906 साली 13,000 हून अधिक चांदीच्या नाण्यांचा निधी मिळाला. त्यांवर क्षत्रप नहपानाचे मस्तक आहे, भोवती ग्रीक अक्षरे आहेत, आणि दोन तृतीयांशांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने विजयानंतर आपला ठसा मारलेला आहे. ती ग्रीक अक्षरे पश्चिमेच्या संपर्कातून आली, हे मान्य करताना कोणाला कमीपणा वाटण्याचे कारण नाही.

आणि परकीय राजाच्या चांदीच्या नाण्यावर आपले देव हवेच असतील, तर तेही आहेत. फक्त ते रोमन नाणे नाही. उत्तर अफगाणिस्तानातल्या ऐ-खानुम येथे फ्रेंच उत्खननात 1970 साली अगाथोक्लिस या ग्रीक राजाची सहा चांदीची नाणी मिळाली. ती इ.स.पू. 180 च्या सुमारासची, म्हणजे सीझरच्या हत्तीहून सव्वाशे वर्षांनी जुनी आहेत. एका बाजूला नांगर आणि मुसळ घेतलेला संकर्षण, म्हणजे बलराम आहे, दुसऱ्या बाजूला चक्र आणि शंख घेतलेला वासुदेव, म्हणजे कृष्ण आहे, आणि राजाचे नाव एकीकडे ग्रीकमध्ये व दुसरीकडे ब्राह्मीत लिहिलेले आहे. संदेशातल्या इतक्या छायाचित्रांत हे एक नाणे मात्र नाही.